फाशी मागायला अख्खी गल्ली, साक्षीला कुणी नाही

आधी पत्र. थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"काकू, नमस्कार. मी धनकवडीत राहते, पतसंस्थेत कामाला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये माझ्या धाकट्या भावावर आमच्याच गल्लीत कोयत्याने वार झाले. कारण काय, तर आदल्या दिवशी गाडी लावण्यावरून झालेली बाचाबाची. तिघं होते. एक वार खांद्यावर, दुसरा त्याने डाव्या हातावर झेलला, दोन बोटं आता वळतच नाहीत. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं, ते भाड्याने दिलं, तो एका गोडाऊनला सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात निकाल लागला. दोघांना सात वर्षं सक्तमजुरी आणि प्रत्येकी २५ हजार दंड, त्यातले २० हजार भावाला. तिसरा सुटला, संशयाचा फायदा म्हणे. पहिला आधीच चार वर्षं आत होता, ती धरणार, म्हणजे राहिली तीन. आई त्या दिवसापासून धड जेवत नाही. म्हणते, माझ्या पोराच्या हाताची किंमत तीन वर्षं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज चाललंय, फाशीच पाहिजे होती, भर चौकात उलटं टांगा, कोर्टाच्या नादी लागलात हीच चूक, हैदराबादला कसं केलं बघा. मंडळाची पोरं मोर्चा काढू म्हणतात. निवडणुकीला इच्छुक असलेले एक जण फ्लेक्स लावून देतो म्हणाले, भावाच्या फोटोसकट. डेअरीवाले काका निम्मा खर्च देणार आहेत. (त्यांचीही साक्ष होती, पण कोर्टात ते म्हणाले अंधार होता, तिसऱ्याचा चेहरा नीट दिसला नाही. असो.) मलाही राग आहे, खूप आहे. पण निकालाच्या दिवशी त्यातल्या एकाची आई कोर्टाच्या जिन्यात मटकन बसली, हातात स्टीलचा डबा, आणि मला तिची कीव आली. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. मी भावाशी बेइमानी करतेय का? आणि मोर्चाला हो म्हणू का नाही?
— एक बहीण, धनकवडी"

बाई गं, मी तुला अगं-तुगंच करणार, राग मानू नकोस. आणि मी वकील नाही हेही आधीच सांगते. शिवाजीनगर कोर्टासमोर टेबल टाकून मी अठ्ठावीस वर्षं टायपिंग केलं, आधी मशीनवर मग कॉम्प्युटरवर, त्यामुळे कायदा माझ्या डोक्यात कमी आणि बोटांत जास्त आहे. तुझं पत्र तीन वेळा वाचलं. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकलीयस आणि पुढे 'असो' म्हणून मोकळी झालीयस. त्या 'असो'कडे येतेच, पण आधी हिशोब करू, कारण आईचं जेवण त्या हिशोबावर अडलंय.

सात वजा चार बरोबर तीन, हे गणित बरोबर आहे, पण आई जो अर्थ काढतेय तो बरोबर नाही. निकालाआधी कच्चा कैदी म्हणून जे दिवस आत काढले ते शिक्षेतून वळते होतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचं कलम ४२८ होतं, १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात ते ४६८ आहे. ही मेहेरबानी नव्हे गं, तो चार वर्षं येरवड्याला होताच ना, ते दिवस कुठे फुकट गेले? शिक्षा सातच आहे, त्याने चार आगाऊ भोगली एवढंच. आईला असं सांगून बघ. पटेलच असं नाही.

दुसरं म्हणजे फाशी. तुमच्या केसला जी कलमं लागली असणार, खुनाचा प्रयत्न म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ३०७, धारदार हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे ३२६, त्यात फाशी नाहीच. (३०७ मध्ये एक अपवाद आहे, आधीच जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने असं काही केलं तर, पण ते इथे लागू नाही.) ग्रुपवर फाशी का नाही दिली म्हणून जज्जाला शिव्या घालणाऱ्याला विचार, कुठल्या कलमाखाली द्यायची होती रे बाबा? ३०७ मध्ये दुखापत झाली असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा थेट जन्मठेप, आणि खालची मर्यादा काहीच नाही. म्हणजे जज्जाच्या हातात मोठं मैदान असतं आणि त्याने त्यात सातावर बोट ठेवलं. मला विचारशील तर मला ते कमी वाटतं, दहा द्यायला पाहिजे होती. पण माझ्या वाटण्याने काय होतं, सात का ठेवलं हे निकालात लिहिलेलं असतं आणि मी पैजेवर सांगते की तुमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये एकानेही तो वाचलेला नाही. तूही नाही ना?

आता हे सात येतात कुठून ते सांगते. आरोपी दोषी ठरला की शिक्षेवर वेगळी सुनावणी होते, तो कायदाच आहे. तेव्हा आरोपीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो तरुण वय, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईबाप, कमावता हाच. हे वाक्य मी इतक्या वेळा टाईप केलंय की झोपेतही बोटं चालतील. एकदा एक आई तिच्या पोराचं तालुका पातळीवरच्या धावण्याच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट घेऊन आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला वरून रबर. खुनाच्या केसमध्ये त्याचा काय उपयोग? वकीलसाहेब म्हणाले राहू दे, तिने ऐकलं नाही, शेवटी आम्ही त्याची झेरॉक्स जोडली. लोकांना हे ऐकून संताप येतो, की मारणाऱ्याच्या आईबापाचं ऐकतात आणि मार खाणाऱ्याचं कोण? संताप बरोबरच आहे. पण मग तुमच्या बाजूने काय गेलं त्या दिवशी? डॉक्टरच्या कागदावर 'गंभीर दुखापत' असेल. पण दोन बोटं वळत नाहीत म्हणून तो स्क्रूड्रायव्हर धरू शकत नाही, दुकान गेलं, हे कुणी जज्जाला सांगितलं का? त्याच्या जबानीत आलं का? सरकारी वकिलांकडे ढिगाने फायली असतात, त्यांना तुम्ही जाऊन सांगितलं नसेल तर त्यांच्या स्वप्नात येणार नाही. तुमच्या बाजूने स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो हेही बहुतेक घरांना निकालानंतर कळतं.

मी शहाणपणा शिकवतेय असं वाटत असेल तर थांब, माझंही सांगते. जोशी-अभ्यंकर झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते, नारायण पेठेत राहायचो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. तिन्हीसांजेला वाडा बंद, आतून अडसर, दूधवाल्याला सुद्धा आधी नाव विचारायचं मग कडी काढायची. पुढे कळलं की मारणारी आर्ट कॉलेजची पोरं होती, आपल्यातलीच, तेव्हा तर लोक अजूनच हबकले. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, माझे वडील म्हणाले सुटलो एकदाचे. त्या चौघांबद्दल मला आजही काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू. म्हणजे फाशी शब्द ऐकला की कानावर हात ठेवणाऱ्यांतली मी नव्हे.

पण मग राठी हत्याकांड आलं. २६ ऑगस्ट १९९४, कोथरूड, पौड रोडला, एका घरातली सात माणसं, पाच बायका आणि दोन लहान मुलं. तेव्हा माझं टेबल कोर्टासमोर लागलेलं होतं, आणि तिथल्या चहाच्या टपरीवर, जिथे एरवी वकील लोक दोन्ही बाजूंनी बोलतात, तिथेही एकच बाजू होती, लटकवा. मीही तेच म्हणाले. पुण्याच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, २००० साली सुप्रीम कोर्टानेही. आणि मग २७ मार्च २०२३ ला त्यातल्या एकाला सुप्रीम कोर्टाने सोडलं. का, तर राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदी तपासल्या, आपल्याच पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असं निघालं. साडेबारा! खटल्यात त्याला सज्ञान धरलेलं. अठ्ठावीस वर्षं आत, त्यातली कितीतरी फाशीच्या सावलीत. एवढ्या लहान बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतात. त्याने काही केलंच नव्हतं असं कोर्ट म्हणालं नाही, ते लक्षात घे, आणि त्या घरातली सात माणसं काही परत येत नाहीत. पण आम्ही टपरीवर 'लगेच लटकवा' म्हणत होतो, आणि आमचं लगेच कुणी ऐकलं असतं तर एका साडेबारा वर्षांच्या पोराला फासावर दिलं असतं आणि शाळेचं ते रजिस्टर कुणी उघडलंही नसतं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी टपरीवरचं ते माझं वाक्य आठवून दिवसभर गप्प होते. कुणाला बोलले नाही, आज तुला बोलतेय.

हैदराबादचं ज्यांनी ग्रुपवर टाकलंय त्यांना एवढंच सांग. ६ डिसेंबर २०१९ ला पहाटे बलात्कार आणि खुनाच्या केसमधल्या चौघा आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, तो व्हिडिओ मीही पाहिलाय. पुढे सुप्रीम कोर्टाने चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष आपलेच मराठी, न्यायमूर्ती सिरपूरकर. २०२२ मध्ये अहवाल आला, की पोलिसांची कहाणी खोटी, गोळ्या मारण्याच्याच इराद्याने घातल्या. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल फॉरवर्ड केला? आणि बघ, पोलिसांना कुठलीही चार पोरं उचलून ठोकायची मुभा दिली तर त्या चारात उद्या मंडळातलं कोण असेल याची ग्यारंटी काय? आपल्या भागात गाड्या फुटल्या की पोलीस आधी नाक्यावर उभी असलेली पोरं उचलतात हे मंडळाला नव्याने सांगायला नको.

अजून एक सांगते आणि मग तुझ्या 'असो'कडे. गहुंजेचं प्रकरण आठवतंय का? २००७, कंपनीच्या कॅबमधल्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून. दोघांना २०१२ मध्ये फाशी, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम, दयेचे अर्ज फेटाळले. २४ जून २०१९ ही तारीख ठरली होती, येरवड्यात. ती फाशी झाली नाही. हायकोर्टाने जुलै २०१९ मध्ये ती रद्द करून ३५ वर्षांची कैद केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. कारण काय होतं माहितीय? उशीर. दयेच्या अर्जाचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला, वॉरंट निघायला लागलेला वेळ. गावभर बोंब काय झाली, की कोर्टाला दया आली. अगं, दया नाही, फायली पडून राहिल्या! मी आयुष्यभर फायलींत बसलेय म्हणून मला हे जास्त लागतं. गुन्हा झाला तेव्हा सगळं पुणे पेटलं होतं, पण ते कागद पडून होते तेव्हा त्या टेबलासमोर एक मेणबत्ती घेऊन कोणी उभं नव्हतं. कंटाळवाणं काम ना ते.

आता तुझा कंस.

डेअरीवाले काका कोर्टात म्हणाले अंधार होता, चेहरा नीट दिसला नाही. तिसरा सुटला. आणि तेच काका फ्लेक्सचा निम्मा खर्च देतायत. हे दोन्ही तू एकाच परिच्छेदात लिहिलंस आणि जोडलं नाहीस, मला वाटतं मुद्दामच जोडलं नाहीस, कारण त्यांच्याकडून रोजचं दूध येतं आणि रोज तोंड दाखवायचंय. अख्खी गल्ली सातावर भांडतेय, सात कमी, सात कमी, आणि जो शून्यावर सुटला त्याचं नावही कुणी घेत नाही. का घेत नाही? कारण ते घेतलं की विचारावं लागेल, त्या दिवशी गल्लीत कोण कोण होतं आणि कोर्टात कोण कोण गेलं. जज्ज तिसऱ्याला सोडायला निघाला नव्हता गं, त्याच्यासमोर तिसऱ्याचा चेहरा ठेवायलाच कुणी नव्हतं. दोघांना शिक्षा झाली ती बहुतेक तुझ्या भावाच्या जबानीवर आणि डॉक्टरच्या साक्षीवर, जखमी माणसाच्या साक्षीला कोर्टात फार वजन असतं. त्याला तिसरा मागून आला म्हणून दिसला नसेल, किंवा ओळख परेडमध्ये गडबड झाली असेल, मला माहीत नाही, निकालात असेल.

काकांना मी खलनायक करत नाहीये हां. पहाटे साडेचारला शटर एकटा माणूस वर करतो, समोर कट्ट्यावर त्या तिसऱ्याचे मित्र बसलेले असतात, काही बोलत नाहीत, नुसते बघतात. त्या माणसाला अंधार दिसणारच. त्यांना पोलिसांनी सांगितलं होतं का, की साक्षीदाराला संरक्षण मागता येतं? साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्येच मान्यता दिलीय, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात. तुमचा गुन्हा त्यानंतर वर्षाने घडलाय. पण अर्ज करायचा असतो हे कुणी सांगतच नाही. आणि आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सगळं पुणे शहाणं निघालं तर साक्ष देणार कोण? पंचनाम्याला पंच मिळवताना पोलिसांची काय दमछाक होते ते मी डोळ्यांनी पाहिलंय, लोक मोबाईल कानाला लावून चालू लागतात. तीच माणसं संध्याकाळी ग्रुपवर फाशी मागतात, हात जोडलेला इमोजी टाकून.

उलट उदाहरणही पुण्यातलंच आहे. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. पाऊस असो, काही असो. कधी पन्नास, कधी दहाबारा जण, मी बसमधून जाताना पाहिलेत. निकाल १० मे २०२४ ला आला, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. पुरता न्याय झाला असं त्यांनाही वाटत नाही. पण कुणाला टांगा म्हणून ती माणसं तिथे उभी नव्हती, तपास करा, खटला चालवा एवढंच मागत होती. असा मोर्चा असेल तर मी स्वतः काठी टेकत येईन.

म्हणून तुझ्या मोर्चाचं उत्तर. फाशीचा मोर्चा नको, कारण जे कायद्यात नाहीच ते मागून हसं होतं आणि वर्तमानपत्रात एक दिवस फोटो येण्यापलीकडे हाताला काही लागत नाही. फ्लेक्सला तर साफ नाही म्हण. निवडणूक झाली की तो फ्लेक्स कुणाच्या तरी बाथरूमच्या पत्र्यावर जाईल, तुझ्या भावाच्या चेहऱ्यासकट.

त्याऐवजी हे करा, आणि लवकर करा कारण मुदती असतात. पहिलं, निकालाची नक्कल काढा, सगळी, नुसतं शेवटचं पान नाही. घरात मोठ्याने वाचा, कंटाळा येईल, तरी वाचा. शिक्षेचा भाग आणि तिसऱ्याला का सोडलं तो भाग पेन्सिलने खुणा करून ठेवा. मग फौजदारीचा चांगला वकील गाठा. त्याला विचारायचं की तिसऱ्याच्या सुटकेविरुद्ध अपील करण्यात दम आहे का. कारण हा हक्क तुझ्या भावाचा स्वतःचा आहे, पीडिताचा, आधी कलम ३७२ होतं आता ४१३, त्याला सरकारच्या तोंडाकडे बघायची गरज नाही आणि हायकोर्टाची आगाऊ परवानगीही लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. दम असेलच असं नाही. सुटका फिरवणं अवघड असतं, वकिलाने तोंडावर 'नाही' सांगितलं तर तो खरा वकील समज.

आता गंमत बघ, शिक्षा कमी झाली म्हणून अपील करायचा हक्क मात्र तुमचा नाही. तो सरकारचा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून गल्ली पेटलीय तिथेच तुमचे हात बांधलेले आहेत, तुम्ही फार तर सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज देऊन शिक्षा वाढवण्यासाठी सरकारने अपील करावं अशी मागणी करू शकता. मंडळाच्या पोरांना खरंच काही करायचं असेल तर त्या अर्जामागे लागू देत, पोच घ्या म्हणावं, दर आठवड्याला एकाने जाऊन विचारायचं काय झालं. बघ किती जण दुसऱ्या आठवड्याला येतात ते.

भरपाई कमी मिळाली म्हणून मात्र अपील करता येतं, तेही भावालाच. आणि दंडातले ते २० हजार वेगळे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडितांसाठीच्या योजनेतून वेगळा अर्ज करता येतो, शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे. जाताना दुकान बंद पडल्याचे कागद, भाडेकरार, बोटांचे रिपोर्ट, अपंगत्वाचा दाखला निघाला असेल तर तो, सगळं न्या. दाखला काढला नसेल तर आधी तो काढा. आणि ते दोघं हायकोर्टात अपील करणारच, शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागणार, तिथे विरोध करायला तुमच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. त्यासाठी मुंबई. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच झालं, आपण पुणेकर मागतच बसलोय, तेव्हा पहाटेची गाडी पकडायची तयारी ठेवा.

तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे मी शेवटी आले. ती जिन्यातली बाई. तिची कीव आली म्हणजे तिच्या पोराला तू माफ केलंस असं होत नाही गं. तिने कोयता चालवला नव्हता. डबा घेऊन आली होती, म्हणजे तिला वाटत होतं की आज पोरगा सुटेल नाहीतर निदान दोन घास खाईल. पोलीस घरचं खाऊ देत नाहीत बऱ्याचदा, तो डबा तसाच परत गेला असणार. हे तुला दिसलं, यात बेइमानी कसली. ग्रुपवर बोललीस तर तुला खातील, म्हणून ग्रुपवर बोलू नकोस. पण घरी कुणाला तरी सांग, हे पोटात ठेवून तू आईला जेवायला लावू शकणार नाहीस.

आणि कुणाला सांगायचं तेही सांगते. तुझ्या पत्रात आई बोलते, गल्ली बोलते, मंडळ, इच्छुक, डेअरीवाले काका सगळे बोलतात. भाऊ कुठेच बोलत नाही. एक वाक्य नाही त्याचं. वार त्याच्यावर झाले, साक्ष त्याने दिली, क्रॉसमध्ये त्या वकिलाने त्याला तासभर उभं सोललं असणार, अपीलही त्याच्या नावाने होणार, फ्लेक्सवर फोटो त्याचा. त्याला सात कमी वाटतात का? कदाचित त्याला हा विषयच नको असेल, रोज ग्रुपवर त्याचा हात निघतो आणि तो गोडाऊनमध्ये बसून वाचतो. कदाचित त्याला तिसराच हवा असेल. तू विचारलंयस का? आईसमोर नको. रविवारी त्याला घेऊन बाहेर पड, नक्कल घ्यायला जायच्या निमित्ताने म्हण हवं तर, रविवारी कोर्ट बंद असतं हे त्याला आठवेपर्यंत तुम्ही बिबवेवाडीच्या पुढे गेलेले असाल. खऱ्या नकलेचा अर्ज सोमवारी दे, केस नंबर आणि निकालाची तारीख लिहून ने, आणि सकाळीच जा, दुपारनंतर त्या खिडकीवर फार गर्दी होते.